सुरतेतला शनिवार

आमच्याकडे सुरत म्हटलं की लोकांना एकच गोष्ट आठवते, आणि ती शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात असते. मी सुरतेला चालले आहे असं सांगितल्यावर सांगलीतल्या आमच्या वाचनालयात तिघांनी, एकमेकांना न विचारता, एकच विनोद केला : "काय लुटून आणणार?" चौथ्याने साडी आणायला सांगितली. तोही विनोदच असणार असं मी धरून चालले.

मी गेले होते एस्तेरसाठी. एस्तेर आणि मी कॉलेजात असताना पुण्याच्या वसतिगृहात एका खोलीत राहत होतो. पुढे मी वर्तमानपत्रात उपसंपादक झाले आणि इतरांचं ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात माझं आयुष्य गेलं. ती नर्स झाली, रेल्वेतल्या एका माणसाशी लग्न करून सुरतेला गेली आणि डिंडोलीतल्या प्रसूतिगृहात अर्ध्या वस्तीला तिने या जगात आणलं. ती बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी यहुद्यांपैकी. नवरा वारला, मुलं इस्राएलला गेली, ही इथेच राहिली. का गेली नाहीस, असं विचारलं की म्हणते, "तिकडे मराठीत भांडायला कोण आहे?"

निघायच्या महिनाभर आधी तिचा फोन आला होता. "शालू, ये. इथे एका माणसाला सोडवायचंय आणि आमच्यात कुणाला धड बोलता येत नाही." मलाही येत नाही, पण पेपरात होते म्हटल्यावर लोकांचा गैरसमज होतो.

शुक्रवार, डिंडोली

डिंडोलीत उतरल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही, की इथे सुरत कमी आणि खानदेश जास्त आहे. दुकानाची पाटी गुजरातीत, दुकानदार धुळ्याचा, आणि गिऱ्हाइकाशी तो बोलतो हिंदी. भाजीवालीने मला "काय ल्यानं शे, ताई?" असं विचारलं तेव्हा मी तिच्याकडे जरा वेळ पाहत राहिले. मग कळलं, ती अहिराणीत माझी चौकशी करते आहे. मी वांगी घेतली. वांगी सगळ्या भाषांत कळतात.

एस्तेरचं घर रेल्वेलाइनच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर आहे. मी पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं आणि ती घाईत होती, कारण सूर्य मावळला की तिचा शब्बाथ सुरू होतो. मग काडी ओढायची नाही, बटण दाबायचं नाही, काम म्हणून काहीच करायचं नाही, ते थेट शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत. तिने पाणी घातलेल्या काचेच्या पेल्यात वर तेल सोडलं, वात लावली, डोळ्यांवर हात घेऊन प्रार्थना म्हटली. मग काळ्या मनुकांचं सरबत, नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण आणि भात. सुरतेत आल्यापासून आमटीतसुद्धा साखर लागत होती, त्यामुळे ते कालवण मी दोनदा वाढून घेतलं.

"हे तेल कुठलं माहितीये?" तिने दिव्याकडे बोट दाखवलं. "शनीचं."

त्याची गोष्ट अशी. या प्रकरणासाठी तिने आणि शेजाऱ्यांनी मिळून एक मंडळ काढलं. सगळे शनिवारी संध्याकाळी जमतात म्हणून नाव ठेवलं 'शनिवार मंडळ'. झालं. पुढच्याच शनिवारी खालच्या गल्लीतल्या तीन बायका तेलाच्या वाट्या आणि रुईच्या पानांचे हार घेऊन दारात उभ्या! साडेसातीवाल्यांचं मंडळ आहे अशी बातमी पसरली होती.

"मग तू काय केलंस?"

"हार परत दिले, तेल ठेवून घेतलं. आमच्या पूर्वजांना कोकणात शनिवार तेली म्हणायचे. घाणा चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून बसायचे. म्हटलं, इतक्या पिढ्यांनी कुणी शनिवारी तेल आणून दिलंय, नाही कशाला म्हणू?"

ज्याच्यासाठी हे मंडळ निघालं त्या माणसाचं नाव हारून. पश्चिम आशियातल्या एका देशातला तो कापडाचा व्यापारी. देशाचं नाव मी लिहीत नाही, कारण त्याची भावंडं अजून तिथे आहेत. त्या देशात एके काळी यहुद्यांच्या गल्ल्या होत्या, आता घरं बोटांवर मोजावीत इतकी उरली आहेत. बाकीच्यांना कुणी जाळून, कुणी धमकावून, कुणी नुसतं रोज दारावर थुंकून घालवलं. हारून राहिला. दरवर्षी बुरख्याचं काळं कापड खरेदी करायला तो सुरतेला यायचा. पूर्ण शहरात यहुद्याचं घर असं एस्तेरचंच, म्हणून शुक्रवारी याच टेबलावर जेवायचा. सिनेगॉगमधल्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, सुरतेत एकही नाही. हारून आला की एक व्हायचा.

तीन वर्षांपूर्वी तो आला नाही. तुरुंगात होता. गुन्हा असा, की आपल्या घरात तो शेजारपाजारच्या मुलांना हिब्रू मुळाक्षरं शिकवत होता. सरकारी भाषेत याला शत्रुराष्ट्रासाठी हेरगिरी म्हणतात. आमच्या सांगलीच्या बालवाडीतल्या बाई अत्यंत घातक हेर आहेत, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं.

"तो जिवंत आहे का, एवढंच कुणी सांगत नाही," एस्तेर म्हणाली. "मधुमेह आहे त्याला. गोळ्या मिळतात की नाही, माहीत नाही. भावाने चौकशी केली तर भावाला दोन दिवस बसवून ठेवलं. दूतावासाला कळवलं, उत्तर नाही. आमच्यावर या देशात कुणी कधी हात उचलला नाही, शालू. म्हणून तर गप्प बसायची जास्त लाज वाटते."

आणि परवा, रविवारी, त्याच देशाचं व्यापारी शिष्टमंडळ सुरतेच्या कापड प्रदर्शनाला येणार होतं. त्यांच्यातल्या एखाद्याच्या तोंडून निदान 'आहे' एवढा शब्द काढायचा, म्हणून मला बोलावलं होतं.

शनिवार, बमरोली

शनिवारी एस्तेर काहीच करत नाही, म्हणून मला हिंडवायचं काम प्रल्हादकडे आलं. त्याने त्यासाठी रजा काढली होती. प्रल्हाद बमरोलीच्या एका प्रोसेस मिलमध्ये, म्हणजे कापड रंगवून पक्कं करतात तिथे, रंगखात्यात आहे. धरणगावकडचं बौद्ध कुटुंब, बापाच्या वेळी इथे आलेलं, राहायला एस्तेरच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. बायको कमल घरी साड्यांना टिकल्या लावते. मुलगी प्रज्ञा एम्ब्रॉयडरीच्या दुकानात कॉम्प्युटरवर डिझाइन काढते. प्रज्ञाचा जन्म एस्तेरच्या हातचा.

बमरोलीच्या खाडीचं पाणी त्या दिवशी जांभळं होतं. प्रल्हाद म्हणाला, "काल हिरवं होतं. गिऱ्हाइकाच्या पसंतीवर आहे." मिलच्या फाटकासमोर चहाची टपरी होती. तिथल्या बाकावर आम्ही बसलो.

"इथंच बसायचे शनिवारवाळे शेठ," तो म्हणाला.

"कोण?"

"हारूनशेठ. हारून कोन म्हनतं इथं? अख्खा कापडबाजार त्यांना शनिवारवाळा शेठ म्हनतो. शनिवारी गाडीत बसायचे नाहीत, पैशाला हात लावायचे नाहीत, माल उचलायचे नाहीत. लॉजवरून पायी यायचे आन् नुसते बसून राहायचे. आमचा मुकादम म्हने, साला चिक्कू आहे, चहाचे पैसे वाचवतो. आन् रविवारी सकाळी सगळ्यात आधी चहावाल्याकडं पैसे घेऊन हजर."

"तुमची दोस्ती कशी झाली?"

प्रल्हादने चहा बशीत ओतला. "एकदा आमच्या घरी जेवायला बोलावलं. कमलने मटन केलं होतं. ते म्हने, भाऊ, मटन मी नाही खानार. मी म्हटलं, झालं. ताई, तुम्हाला सांगतो, आमच्या घरी न जेवनारे लोक आम्हाला काही नवीन नाहीत. कुनाचा उपास निघतो, कुनाचं पोट बिघडतं. पोट बरोबर आमच्या दारातच बिघडतं. पन हा मानूस उठला नाही. खाली बसला आन् मला समजावून सांगितलं, की आमच्यात जनावर कसं कापायचं त्याचा नियम आहे, भांडं कसं पाहिजे त्याचा नियम आहे, राजाच्या घरचं पन मी खानार नाही. तू मला भाकर भाजून दे आन् शेंगदाने दे. दोन भाकरी खाल्ल्या. माझ्या उभ्या आयुष्यात 'नाही' म्हनून बसून राहिलेला हा एकच मानूस."

पेपरात असताना अस्पृश्यतेवरच्या परिसंवादांचे कितीतरी वृत्तांत मी छापले होते. त्यांतल्या कुठल्याही वक्त्याने हा फरक इतक्या थोडक्यात सांगितला नव्हता, आणि सगळ्यांच्या नंतर अल्पोपाहार होता.

संध्याकाळी तीन तारे दिसल्यावर एस्तेरच्या घरी मंडळ जमलं. दहा-बारा माणसं : दोन यंत्रमागवाले, एक निवृत्त गँगमन, कमलच्या ओळखीच्या चार बायका. गेलं वर्षभर ही मंडळी रविवारी कापडबाजारासमोरच्या फुटपाथवर हारूनच्या नावाचा बोर्ड घेऊन उभी राहतात. पहिल्यांदा पोलिसाने विचारलं, "किसका मोर्चा है? पाणी का?" यहुदी आहे म्हटल्यावर त्याने विचारलं, "ओबीसी में आता है?"

चहा होतोय तोच एस्तेरचा फोन वाजला. प्रदर्शनाच्या स्वागत समितीचे अध्यक्ष हसमुखभाई. तिने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"एस्तेरबेन! केम छो? तुम्ही लोक बाहेर तडक्यात, उन्हात उभे राहणार, बरं दिसतं का? आत या ना! स्टेजवर या! विश्वशांतीचा एक कार्यक्रम ठेवला आहे आपण. पाच मिनिट तुमच्या मंडळाला. बॅनर लावा, फोटो काढा. तुमच्या पेपरवाल्या बेन आल्या आहेत ना, त्यांचं सन्मान करू."

"आणि हारूनबद्दल बोलायचं," एस्तेर म्हणाली.

"शांतीबद्दल बोला ने! कोणाचं नाव नाय, कोणत्या देशाचं नाव नाय. महेमान छे आपणा." मग आवाज आणखी गोड झाला. "आणि ते प्रल्हादभाई तुमच्यात आहेत ना? त्यांच्या मिलचा माल त्याच देशात जातो. त्यांच्या शेठने मला विचारलं, हे भाई तुमच्या ओळखीचे का म्हणून. मी म्हटलं, एकदम सारा माणस छे, भला माणूस."

फोन ठेवल्यावर कमल नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "आते काय करानं?"

"नाव न घेता माणूस कसा सोडवतात?" मी म्हणाले. मला इतका राग आला होता की चहाचं गार पाणी झालं तरी कळलं नाही. "बारशाला बोलावून नाव ठेवू नका म्हणण्यातला प्रकार आहे हा."

"घ्या ना मावशी नाव," प्रल्हाद एस्तेरला म्हणाला. "माझं मी बघतो."

"तुझं तू काय बघतोस? प्रज्ञाचं लग्न तोंडावर आलंय." एस्तेरने पेल्यातली विझलेली वात काढून टाकली. मग म्हणाली, "आत जायचं. नाव घेणार नाही असा मी शब्द देते त्याला. त्यांच्यासमोर उभं तर राहू. बाहेरच्या फुटपाथवरून ते आपल्याला दिसतसुद्धा नाहीत."

तिने फोन करून शब्द दिला. प्रल्हादने बॅनरवाल्याला फोन लावला. तो गुजराती, म्हणून प्रल्हाद ओरडून ओरडून सांगत होता : "ज्यू बचाव! हा, ज्यू! ज, यू! गुजरातीमां लखजो, मोटा अक्षरमां!" मी आयुष्यभर मुद्रितं तपासली, पण गुजराती लिपी मला येत नाही आणि बॅनर सकाळी परस्पर हॉलवर जाणार होता. शेवटी मंडळी पांगली.

रविवार, प्रदर्शनाचा हॉल

सांगलीत समारंभ उशिरा सुरू होतो. सुरतेत तो वेळेवर सुरू होऊन उशिरापर्यंत चालतो, एवढाच फरक. बाकी सगळं तेच. समई होती, आणि एसीच्या झोताने ती पेटत नव्हती. पाच मान्यवर आळीपाळीने एकच वात पेटवायचा प्रयत्न करत होते आणि फोटोग्राफर प्रत्येकाला "सर, फिर से" म्हणत होता. शेवटी कुणीतरी एसी बंद केला. वात पेटली आणि मान्यवर घामाने भिजले. निवेदक म्हणाला, "आ दीप विश्वशांतिनो दीप छे."

शिष्टमंडळ पहिल्या रांगेत सोफ्यावर होतं. सात-आठ माणसं. मध्ये करड्या सुटातला व्यापार खात्याचा अधिकारी, त्याच्या कानाशी दुभाषा. टोकाला पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा व्यापारी, हातात जपमाळ. मागे सगळा कापडबाजार भरला होता.

माझा सत्कार झाला. "महाराष्ट्रनां महान विदुषी शालिनीबेन" असं म्हणून हसमुखभाईंनी मला शाल घातली. ती पॉलिस्टरची होती, याच गावची. शालिनीला शाल असा त्यांनी विनोद केला आणि टाळ्या घेतल्या. हातात नारळ, गळ्यात हार आणि अंगावर पॉलिस्टर अशा अवस्थेत माणूस कसलाही निषेध करू शकत नाही. सत्काराचा हेतूच तो असतो असं माझं मत झालं आहे.

मग शनिवार मंडळाला बोलावलं. एस्तेर, कमल, प्रज्ञा वर आल्या. दोन पोरांनी बॅनर सोडला. सहा हात लांब, निळ्या अक्षरांत, आजूबाजूला कबुतरं.

हॉलमध्ये आधी खसखस पिकली. मग मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्याने हसलं आणि बघता बघता आख्खा हॉल हसायला लागला. मी बॅनरकडे पाहिलं. मला नुसती अक्षरं दिसली. प्रज्ञाचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालं गं?"

"मावशी, 'जू बचावो' लिहिलंय." तिला बोलवेना. "गुजरातीत जू म्हणजे ऊ. डोक्यातली."

उवा वाचवा. सहा हात लांब बॅनरवर. मराठीत ज्यू म्हणतात, गुजरातीत यहुदी म्हणतात, आणि त्या दोन भाषांच्या मधल्या फटीत आमचं मंडळ पडलं होतं.

हसमुखभाईंनी माइक घेतला. "अरे भाई, शेम्पूनी कंपनीवाळा कोई आव्या छे के नहीं? स्पॉन्सरशिप आपो ने!"

पुन्हा हशा. दुभाष्याने अधिकाऱ्याच्या कानात सांगितलं, आणि तोही हसला. हे हसणं मला विसरता येणार नाही. बाकीचे एका चुकीला हसत होते. त्याच्या चेहऱ्यावर असं होतं, की चूक कुठे आहे?

पोरं बॅनर गुंडाळायला लागली, तेव्हा एस्तेर माइकपाशी गेली. "राहू दे," ती गुजरातीत म्हणाली. तिचं गुजराती प्रसूतिगृहातलं आहे, त्यात आडपडदा नाही. मी आठवून मराठीत लिहिते. "राहू दे तो बॅनर. बरोबर आहे. ज्यांनी आम्हाला लाखांनी मारलं ते मारायच्या आधी आम्हाला हेच म्हणायचे. उवा. माणूस मारायला जड जातं. उवा मारायला कुणाला काही वाटत नाही. म्हणून आधी नाव बदलतात. तुम्ही चुकून हसलात, मला राग नाही. माझ्या हातावर जन्मलेली पोरं आहेत इथे. पण आजही काही देशांत हे चुकून म्हणत नाहीत."

एका क्षणी मला वाटलं, आता ही नाव घेणार. तिचं तोंड उघडलं होतं. हसमुखभाई तिच्याकडे आणि मग हॉलच्या मागच्या बाजूला पाहत होते, जिथे प्रल्हाद उभा होता. एस्तेरने तोंड मिटलं. शब्द दिला होता.

"माझी पाच मिनिटं झाली," ती म्हणाली आणि मागे सरकली.

निवेदकाने लगेच अल्पोपाहाराची घोषणा सुरू केली. लोचो, खमण, घारी. इतक्यात मागून आवाज आला.

"साहेब, एक पूछवुं छे."

प्रल्हाद होता. त्याने मिलमध्ये घालायचा तोच आकाशी शर्ट घातला होता, इस्त्री करून.

"कोनाचं नाव नाही घेत. देशाचं पन नाही घेत." त्याने हात जोडले. "फक्त इतकंच. शनिवारवाळा शेठ केम नथी आव्या?"

शनिवारवाले शेठ का आले नाहीत?

हॉलमध्ये त्याचं खरं नाव बहुधा चौघांनाही माहीत नसेल. वर्षभर मंडळ फुटपाथवर ज्याचा बोर्ड धरून उभं होतं तो कुणी परका हारून होता, बोर्डाशेजारून सगळा बाजार दर रविवारी निघून जात होता. पण शनिवारवाला शेठ सगळ्यांना माहीत होता. याने ज्यांच्या दुकानात गादीवर बसून काळ्या रंगाचे तुकडे उन्हात धरून पाहिले होते ते सगळे तिथे बसले होते. मधल्या रांगेतला एक जाड व्यापारी शेजाऱ्याला म्हणाला, "हां यार, ए तो देखाया ज नथी." दुसरा उभा राहिला. "माझ्या दुकानी यायचे. बीमार छे के?" मग तिसरा. पुढच्या रांगेकडे तोंड करून सगळे विचारायला लागले, जसं लग्नात एखादा मामा दिसला नाही तर विचारतात. कुणाला विश्वशांती नको होती. गिऱ्हाईक कुठे आहे ते पाहिजे होतं.

अधिकाऱ्याने दुभाष्याला विचारलं. दुभाष्याने समजावलं. अधिकारी इंग्रजीत म्हणाला, "अशा कुठल्याही व्यक्तीची आम्हाला माहिती नाही," आणि उठला. प्रश्न वार-तिथीचा होता, व्यक्तीचं नाव कुणी घेतलंच नव्हतं, पण त्याला व्यक्ती बरोबर कळली होती. त्याच्यामागून सोफा रिकामा होत गेला. हसमुखभाई हात जोडून मागे पळत होते, "सर, स्नॅक्स, सर."

पांढऱ्या दाढीचा म्हातारा सगळ्यांत शेवटी उठला. स्टेजच्या पायऱ्यांपाशी एस्तेर उभी होती. तो बुटाची नाडी बांधायला तिच्या पायाशी वाकला, आणि खाली पाहतच सुरतेच्या बाजारात शिकलेल्या हिंदीत बोलला. मी हातभर अंतरावर होते.

"जिंदा है, बहन. आँख कम हो गई है। शनिवार को अभी भी काम नहीं करता। उसकी सजा अलग मिलती है।"

नाडी बांधायला त्याला बराच वेळ लागला. मग तो गेला. एस्तेर पायरीवर बसली आणि पदराने तोंड झाकून रडली. मी माझी शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली. त्या शालीचा तेवढाच उपयोग झाला.

सोमवार, पुन्हा डिंडोली

सकाळच्या गुजराती पेपरात फोटो होता : मी, नारळ, हसमुखभाई. प्रज्ञाने मथळा वाचून दाखवला : सुरतेतून विश्वशांतीचा संदेश. बातमीत समईचं वर्णन सात ओळी होतं. एस्तेर नव्हती, प्रल्हाद नव्हता, विचारलेला प्रश्न नव्हता. एका माणसाला मुळाक्षरांसाठी कोंडलं आहे, आठवड्यातला एक दिवस तो हात बांधून बसतो म्हणून त्याला आणखी वेगळं छळतात, आणि सात ओळी समई! पेपरात मी ज्या धंद्यात होते त्याची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

पोळी-भाजीचा डबा घेऊन प्रल्हाद कामावर निघाला होता, तो जिन्यात एस्तेरपाशी थांबला.

"म्हने शनिवारी काम करत नाही?"

"असं म्हणाला तो."

"म्हनजे आत त्यांना वार समजतो," प्रल्हाद म्हणाला. "अंधारात ठेवलं तरी वार समजतो. डोकं शाबूत आहे, मावशी." आणि डबा हलवत खाली उतरला. वरून कमल ओरडली, "शेठ बोलले तर तोंड उघडू नका!"

मी दुपारच्या गाडीने परत निघाले. सांगलीत वाचनालयातल्या तिघांनी विचारलं, काय लुटून आणलं? शाल तर मी तिथेच टाकून आले होते. मी काही सांगितलं नाही, कारण तेव्हा सांगण्यासारखं एकच वाक्य होतं आणि ते त्या म्हाताऱ्याच्या जिवावर बेतलं असतं. आता लिहिते आहे, कारण एस्तेरने कळवलं की तो म्हातारा पोराकडे दुसऱ्या देशात सुखरूप पोचला.

हारून अजून आत आहे.

परवा कमलचा फोन आला. मिलच्या शेठने प्रल्हादला काढलं नाही. रंगाचं काम त्याच्याशिवाय अडतं. पण शिक्षा तर द्यायला हवी. रविवारची सुट्टी बंद केली, म्हणजे फुटपाथवर उभं राहायला नको. मुकादमाने सगळ्यांसमोर सांगितलं : तुला शनिवारचा फार पुळका आहे ना? मग यापुढे तुझी सुट्टी शनिवारी.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, ताई! घरात बसतो दिवसभर. पहिल्या शनिवारी मी म्हटलं, घरी आहात तर गिरणीतून दळण तरी आणा. हलायचं नाव नाही. म्हटलं, निदान हंडा उचला. तर म्हणतो, आज नाही. आज इथून काडी उचलणार नाही." तिचा आवाज वैतागलेला होता, पण ती फोन ठेवेना. "मी म्हटलं, अहो, तुम्ही काय यहुदी झालात का? तर म्हणतो, तिकडे एक माणूस बसल्याबद्दल मार खातोय, मला बसायची शिक्षाच मिळाली आहे. नीट बसू दे."

"आणि तू काय केलंस?"

"दळण मीच आणलं," कमल म्हणाली. "भाकर आणि शेंगदाणे दिले त्याच्या पुढ्यात."